आत बसलेला कॅमेरावाला

खांद्यावर कॅमेरा घेणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो वजनाचा. "जड असेल ना हो?" असतो, पण वजनाची सवय होते. खरी पंचाईत श्वासाची. लांबचं दृश्य घेताना तुम्ही खुशाल शिंकलात तरी बघणाऱ्याला कळत नाही. जवळचा चेहरा घेताना मात्र छाती जरा वरखाली झाली की पडद्यावरचा माणूस नावेत बसल्यासारखा डुलायला लागतो. म्हणून कोपर बरगडीला टेकवायचं, गुडघे किंचित वाकवायचे, अर्धा श्वास सोडायचा आणि उरलेला धरून ठेवायचा. इतकी वर्षं हे केल्यावर बायको म्हणते, मी झोपेतसुद्धा मध्येच श्वास धरतो. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे, पण मला बायकोचं पटतं.

मी मूळचा धुळ्याचा. आग्रा रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगवर हात बसवला. तेव्हा लग्नात व्हिडिओवाला म्हणजे जावयाच्या खालोखाल मान. कॅमेऱ्याला आधी पांढरा रंग कोणता ते दाखवून द्यावं लागतं, नाहीतर नवरी निळी दिसते. कागद शोधत कोण बसणार? मांडवात पांढऱ्या टोप्यांना तोटा नव्हता. एखाद्या आबांसमोर उभं राहायचं, "आबा, जरा थांबा" म्हणायचं आणि टोपीवर कॅमेरा धरायचा. आबांना वाटायचं फोटो निघतोय. ते ताठ व्हायचे, श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत. धरणगावच्या एका लग्नात मी "झालं" म्हणायला विसरलो, तर आबा मंगलाष्टकं संपेपर्यंत तसेच उभे. पुढे कॅसेटमध्ये जिथे तिथे तेच दिसले. घरच्यांनी तक्रार केली नाही, उलट आबा छान आले म्हणून सांगत आले.

नव्वदच्या पुढे घरोघर केबल आली आणि जळगावात एका शेठनी स्वतःचं चॅनल काढलं, तिथे मी कामाला लागलो. शेठचं मूळ दुकान टीव्ही दुरुस्तीचं. मेहरूणच्या बाजूला दुकानाच्या वर एक हॉल होता, तोच स्टुडिओ. रोज संध्याकाळी गावच्या बातम्या आणि रविवारी दुपारी बायकांचा कार्यक्रम, तोही थेट. म्हणजे इकडे घडतंय ते तिकडे त्याच क्षणी घराघरांत दिसणार, चूक झाली तर गावभर. मी आणि भीमराव असे दोघे कॅमेरावाले. भीमरावही धुळ्याचाच, माझ्याच वयाचा, बोलायला तिखट आणि हाताने माझ्यापेक्षा स्थिर. त्याने धरलेला कॅमेरा भिंतीत पुरल्यासारखा राहायचा. हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

बाहेरचे लोक विचारायचे, स्टुडिओत कॅमेरे तिपाईवर का ठेवत नाही? कारण आमच्या हॉलच्या मधोमध एक खांब होता. तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला पाहुणा कमी आणि खांब जास्त दिसायचा. खांद्यावर कॅमेरा असला की खांबाला वळसा घालता येतो, पाहुणा सरकला की आपणही सरकतो. हॅलोजनच्या उजेडात, जळगावच्या उन्हाळ्यात, खिडक्या बंद करून आम्ही दोघे त्या खांबाभोवती फिरत असू. घाम डोळ्यांत उतरायचा आणि पुसायला हात मोकळा नसायचा. पण माणूस बोलता बोलता कधी हळवा होणार, कधी हात उचलणार, हे आम्हाला आधी कळायचं. त्याचा आम्हाला गर्व होता, आणि थोडा अजून आहे.

एके वर्षी शेठ मुंबईहून दोन यंत्रं घेऊन आले. कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतली. लोखंडी दांडा, त्यावर मोटार, मोटारीवर कॅमेरा. आतल्या खोलीत बसून दांडी हलवली की बाहेर कॅमेरा मान वळवतो, वर बघतो, खाली बघतो. शिवाय नंबरांची बटणं. एखादी जागा एकदा शिकवून ठेवली की बटण दाबल्यावर कॅमेरा बरोबर तिथेच जाऊन थांबतो. शेठ त्याला कौतुकाने रोबोट म्हणत. खांबाची अडचण त्यांनी एक रोबोट खांबालाच ठोकून सोडवली. इतकी वर्षं आम्हाला हे सुचलं नव्हतं, याचा भीमरावला फार राग आला.

रोबोटने पहिल्याच दिवशी शेठचीच फजिती केली. त्याला जागा शिकवली होती निवेदिका शोभाताईंच्या उंचीची. शोभाताई शाळेत शिक्षिका, बांध्याने लहानखुऱ्या. शेठ हौसेने स्वतः शुभेच्छा द्यायला खुर्चीत बसले. आत त्यांचा भाचा बटण दाबून निवांत. मग शेठ नमस्कार करायला उठून उभे राहिले. गावाला त्यांच्या शर्टाचा खिसा आणि त्यातली दोन पेनं दिसली, आवाज मात्र शेठचा. दुसऱ्या दिवशी बाजारात लोक त्यांना भेटले की खिशाकडे बघून नमस्कार करत होते. आम्ही दोघे मनातून सुखावलो.

पण शेठ मागे हटणारे नव्हते. त्यांनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "हे बघा, आखाजीचे दोन कार्यक्रम आहेत. पहिला रविवार तुमच्या खांद्यावर, दुसरा रोबोटवर. लोकांना जो आवडेल तो राहील. रोबोट राहिला तर आत एकच खुर्ची आहे, आणि तिच्यावर माझा भाचा बसेल. तुम्ही दोघांनी मनाला लावून घेऊ नका." मनाला न लावून घ्यायला दुसरं मन कुठून आणायचं? भीमरावच्या भावाचा धुळ्यात फोटो स्टुडिओ होता, त्याला जागा होती. मी जळगावात बिऱ्हाड थाटलं होतं, मुलगी शाळेत घातली होती. जे काही पणाला लागलं होतं ते माझं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात आणि घरोघर मांडे होतात. बाहेरच्यांसाठी सांगतो. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाटावर लाटायची नाही. सैल कणकेचा पुरण भरलेला गोळा हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत वाढवायचा. वाढत वाढत तो कोपरापर्यंत येतो, इतका पातळ की खालची बांगडी दिसते. मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. या कामात मेहरूणच्या कमलअक्कांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पन्नाशीच्या, कष्टाने काटक झालेल्या, घरात दीर-जेठांचं मोठं कुटुंब. शोभाताई त्यांच्या गल्लीतल्या, म्हणून अक्का यायला तयार झाल्या.

पहिला रविवार. मी आणि भीमराव कॅमेरे घेऊन सज्ज. अक्का आल्या, चुलीपाशी बसल्या, आणि आम्हाला बघताच त्यांनी पदर कपाळाखाली ओढला आणि आमच्याकडे पाठ केली. घरी जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, जशी बाई वळते, तशी. परक्या पुरुषासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो, तर अक्का पुन्हा वळल्या. भीमराव तिसऱ्या बाजूने आला, तर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. शेवटी मी हात घेतले. नुसते हात. कणीक झेलणारी बोटं, मनगट, पातळ होत जाणारा तो मांडा. गुडघ्यावर बसून, श्वास धरून मी ते हात असे काही टिपले की आजही मला त्याचा अभिमान आहे. शोभाताई विचारत होत्या आणि अक्का पदराआडून "हां", "नही" एवढंच बोलत होत्या.

कार्यक्रमात फोन आले ते सगळे एकाच तक्रारीचे. बाई कोण आहे ते दाखवा की. बाईचं तोंड का लपवताय? एकाने तर विचारलं, हात दुसऱ्या बाईचे आहेत का? शेठनी आमच्याकडे फक्त पाहिलं.

दुसऱ्या रविवारी भाच्याची परीक्षा होती. म्हणून शेठनी रोबोट चालवायला मलाच बसवलं. ज्याच्यामुळे माझी नोकरी जायची, ते यंत्र मीच नीट चालवायचं. आतली खोली म्हणजे जुनी सामानाची कोठडी, खिडकी नाही, काच नाही. समोर दोन छोटे पडदे. पहिल्या रोबोटकडे चेहरा, दुसऱ्याकडे खापर आणि हात. ज्याचं बटण दाबीन ते गावाला दिसणार. भीमरावकडे आवाज आणि फोन. तो खुर्ची ओढून माझ्या कानाशी आला.

"हे बघ प्रकाश, काही मोठं करायचं नाही. एक-दोनदा चुकीचं बटण. खापराच्या जागी भिंत. लोक फोन करतील, शेठ रोबोट विकून टाकतील."

"कळेल त्यांना."

"यंत्र आहे, चुकतं. शेठचा खिसा कोणी दाखवला होता?"

खरं सांगायचं तर माझं बोट त्या बटणावर जाऊन आलं होतं.

तेवढ्यात अक्कांचा आवाज आला. हॉलमध्ये शिरून त्या उभ्याच होत्या. "ते कॅमेरावाले कथा गया?"

शोभाताई म्हणाल्या, "आज ते नाहीत अक्का. आज यंत्र आहे."

"आठे कोनी गडीमाणूस नही?"

"इथे आपण दोघीच."

मग शोभाताईंनीच प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "पण सगळं गाव पाहतंय हं."

अक्का म्हणाल्या, "देखू दे बठ्ठा गावले. गाव काय मना म्होरे बठेल शे?" सगळ्या गावाला बघू दे, गाव काही त्यांच्यासमोर बसलेलं नव्हतं.

आणि त्या चुलीसमोर बसल्या, पदर खांद्यावर सोडला, कमरेला खोचला. मी पहिल्यांदाच त्यांचं तोंड पाहिलं. रुंद कपाळ, मोठं कुंकू, डोळ्यांत खट्याळपणा. कणीक मळता मळता त्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात. माहेरची आखाजी, झोके, झोक्यावर म्हणायची गाणी. सासूने पहिला मांडा कुत्र्याला घालायला लावला होता, आणि कुत्र्यानेही तो हुंगून सोडला, हे त्यांनी कुत्र्याच्या तोंडासकट करून दाखवलं. शोभाताई हसून हसून प्रश्न विसरल्या. इतकी वर्षं मी माणसांच्या जवळ जाऊन त्यांना टिपत होतो. जवळ गेल्यामुळेच काही माणसं बंद होतात, हे मला त्या कोठडीत बसून कळलं. चांगलं वाटलं नाही. पण बोट चुकीच्या बटणावर पुन्हा गेलं नाही. भीमरावनेही खुर्ची मागे घेतली.

फोन सुरू झाले. आवाज हॉलमधल्या कर्ण्यावर सोडायचा, अक्का उत्तर द्यायच्या. पुरणात जायफळ की वेलची, खापर कुठून आणता, असं चाललं होतं. अक्कांच्या हातांवर मांडा कोपरापर्यंत आला होता, तेवढ्यात भीमरावने पुढचा फोन जोडला.

"बाई, मी मेहरूणहून बोली राहिनू. मांडा बेस शे."

म्हातारा, खर्जातला आवाज. अक्का जागच्या जागी थिजल्या.

शोभाताईंच्या काही लक्षात आलं नाही. त्यांनी विचारलं, "आपलं नाव, आजोबा?"

"मी तिना जेठ."

एकाच घरात तीसेक वर्षं काढलेला माणूस, ज्याच्यासमोर या बाईने कधी तोंड उघडं ठेवलं नव्हतं, जो तिच्याशी कधी थेट बोलला नव्हता. आणि आता त्याचा आवाज डोक्यावरून येतोय, तो घरी टीव्हीसमोर बसलाय, अक्कांचं डोकं उघडं, आणि दोन्ही हातांवर मांडा. पदर ओढायचा तर हात सोडावे लागणार. हात सोडले तर मांडा चुलीत. त्यांचे डोळे पदराकडे गेले, पण हात हलेनात.

तेवढ्यात खालून इंटरकॉमवर शेठचा आवाज, "चेहरा! चेहऱ्यावरच राहा!" शेठचं बरोबरच होतं. धंद्याच्या दृष्टीने असा चेहरा वर्षातून एकदा मिळतो. पण माझ्या खांद्यावर कॅमेरा असता तर मी त्या क्षणी तो खाली केला असता. एवढी चाड आम्हा हातवाल्यांना असते. मी दुसरं बटण दाबलं. गावाला खापर दिसायला लागलं, आणि खापरावर धरलेले दोन हात.

मग कर्ण्यातून आवाज आला. भावजयीशी जेठ बोलत नाहीत, म्हणून ते शोभाताईंनाच म्हणाले, "बाई, तिले सांग, पदर राहू दे. मांडा फाटी जाई."

फोन ठेवल्याचा आवाज आला. गावाने मांडा खापरावर पडलेला पाहिला, अख्खा, न फाटलेला. अक्कांचा चेहरा पहिल्या पडद्यावर होता, तो फक्त मी आणि भीमरावने पाहिला.

कार्यक्रम संपताच शेठ जिना चढून वर आले. मी कोठडीतून बाहेर आलो होतो. अक्कांनी पदर घेतला होता आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. शेठ चिडले की आवाज चढवत नसत, उतरवत. "प्रकाश, मी चेहरा म्हटलं होतं. तू खापर दाखवलंस. परीक्षा संपली की भाचा बसेल इथे. तू तुझं बघ."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अक्का भिंतीकडे तोंड करूनच शोभाताईंना म्हणाल्या, "मधमा हाऊ बठेल व्हता का?" आत हा बसला होता का, असं त्या विचारत होत्या.

शोभाताई अवघडल्या. इथे कोणी नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. "हो अक्का. यंत्र चालवायला कोणीतरी लागतंच."

"आणि जेठना फोन उना तवय खापर कोनी दाखाडं?"

"यानेच."

मला वाटलं आता फसवलं म्हणून बोलतील. त्या म्हणाल्या, "शेठले सांग, हाऊच बठू दे. दुसरा कोनी बठना ते मी येनार नही."

तोवर खाली दुकानातला फोन सारखा वाजत होता. अक्का पुन्हा कधी येणार, हेच सगळे विचारत होते. शेठ व्यवहारी माणूस. त्यांनी खिशातली पेनं सारखी केली आणि म्हणाले, "ठीक आहे, बस."

अशी माझी नोकरी राहिली, आणि खांद्यावरचा कॅमेरा गेला. भीमराव त्याच आठवड्यात धुळ्याला भावाकडे गेला. जाताना म्हणाला, "तू बटण बरोबर दाबलंस, म्हणून मी चाललो." हसत म्हणाला, पण ते खरंही होतं आणि मला लागलं. रोबोटचं काम मी पुढे बरीच वर्षं केलं. त्यात कौशल्य नाही असं नाही, पण संध्याकाळी घरी जाताना अंग दुखायचं नाही, आणि न दुखणाऱ्या अंगाने मला आपण काही काम केलं असं कधी वाटलं नाही.

त्याच वर्षी आखाजी झाल्यावर एका दुपारी स्टुडिओत एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात काठी. "मी कमलना जेठ," म्हणाले. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. मी त्यांना खुर्ची दिली. पाणी पिऊन झाल्यावर ते काठीच्या मुठीशी चाळा करत बसले.

"तवय मी बोलनू," ते म्हणाले, "आणि तुमनं खापरच दिसनं. तिना आवाज उना, पण समजनं नही. हसनी का रडनी?"

त्या दिवसापासून घरात विचारायची सोय नव्हती. तिला विचारता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला विचारलं तर हसू झालं असतं. आपण फोन करून बाईला गावादेखत लाजवलं, असं मनात घेऊन नाना हिंडत होते.

"हसल्या, नाना," मी म्हटलं.

"फीतवर शे का?"

नव्हतं. जे गावाला दिसतं तेवढंच टेपवर उतरतं. टेपवर खापर होतं. मी तसं सांगितलं. नाना म्हणाले, "तुनी देखं ना? मंग सांग."

मला दाखवायची सवय, सांगायची नाही. तरी सांगितलं. आधी अक्कांनी डोळे घट्ट मिटले. मग तुमचं बोलणं ऐकून एक डोळा उघडला आणि कर्ण्याकडे पाहिलं, जसे काही तुम्ही आतच बसला आहात. खालचा ओठ दातांत धरला, तो सुटला. गालावर पीठ होतं, ते हसताना वर सरकलं. मांडा टाकेपर्यंत हसू आवरून धरलं, आणि तो टाकल्यावर मान मागे टाकून मोठ्याने हसल्या, दोन्ही हात पिठाचे तसेच हवेत धरून.

नाना ऐकत होते. भावजय समोर आली की जेठाने जसं बसावं तसे, मान खाली घालून, फरशीकडे बघत.